उत्तराची वाट पाहणारा वर्ग

वर्गात हजेरी घेतली जाते तेव्हा प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम एका श्वासाइतका अवकाश येतो. नाव पुकारले जाते, ‘हजर’ हा शब्द उमटतो आणि बाईंची लेखणी पुढच्या ओळीवर सरकते. ज्या मुलाला हा एक शब्द उच्चारता येत नाही, त्याच्यासाठी शेजारचा मुलगा उभा राहून सांगतो, “बाई, तो आलाय!” त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, उलट त्या शेजाऱ्याचे कौतुकच होते. परंतु शाळेच्या दोनशेहून अधिक दिवसांत त्या मुलाच्या उपस्थितीची ग्वाही दर वेळी दुसऱ्यानेच दिलेली असते. पुढे प्रश्नोत्तरे, पाढे, कविता आणि भांडणे हे सारे त्याच वाटेने जाते. मूल वर्गात बसलेले असते आणि त्याच्या वतीने बोलणारे मात्र अनेक असतात.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम किंवा अन्य काही कारणांनी ज्यांना बोलता येत नाही, अथवा ज्यांचे बोलणे घराबाहेरच्या माणसाला कळत नाही, अशी मुले आता सर्वसाधारण शाळांत दिसू लागली आहेत. त्यांपैकी काहींच्या बाकावर एक टॅब्लेट असतो. त्यावरच्या चित्रांना किंवा अक्षरांना बोट लावले की यंत्रातून आवाज येतो. काहींजवळ चित्रे चिकटवलेला साधा पुठ्ठा असतो, काहींजवळ एकच मोठे बटण. ते दाबले की आधी मुद्रित केलेले वाक्य ऐकू येते. ज्यांचे हातही चालत नाहीत, त्यांच्यासाठी नजरेच्या हालचालीवर चालणारी यंत्रे आहेत. या सर्व साधनांना आणि पद्धतींना मिळून ‘पूरक व पर्यायी संवाद’ असे नाव आहे. नाव जड असले तरी आशय सोपा आहे. तोंडाने बोलता येत नसेल तर बोलण्याची दुसरी वाट काढून द्यायची.

ही वाट तशी नवी नाही. चार्ल्स ब्लिस नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली चित्रचिन्हांची एक लिपी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून ते शांघायला पोहोचले होते. तेथील चिनी लिपी पाहून त्यांना वाटले की, भाषाभाषांतील वैर मिटवणारी एक सामाईक चिन्हलिपी जगाला देता येईल. जगातील राज्यकर्त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मात्र १९७१ साली कॅनडातील टोरांटो येथे अपंग मुलांच्या एका केंद्रात शिक्षकांनी ती उचलली आणि आजवर गप्प असलेली मुले त्या चिन्हांवर बोट ठेवून प्रश्न विचारू लागली. राष्ट्राराष्ट्रांना जोडण्यासाठी काढलेली लिपी अखेर एका मुलाला त्याच्या आईशी जोडण्यासाठी कामी आली, आणि हे काम काही कमी मोलाचे नव्हते. पुढे १९८३ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांची व वापरकर्त्यांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८५ मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेमुळे वाचा गमावलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यंत्राच्या आवाजात व्याख्याने देऊ लागले, तेव्हा साऱ्या जगाने तो आवाज ऐकला.

भारतातील उदाहरण हवे असेल तर ते मुंबईतच आहे. डॉ. मिथू अलूर यांची कन्या मालिनी चिब यांना जन्मतः सेरेब्रल पाल्सी आहे. मुलीला शिकवू शकेल अशी शाळा देशात मिळेना, म्हणून आईने १९७२ साली मुंबईत संस्था काढली. ती आज ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या, नोकरी केली आणि २०१० मध्ये ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. ते सारे पुस्तक एका बोटाने टंकलेले आहे. टंकलेले शब्द मोठ्याने बोलून दाखवणारे ‘लाइटरायटर’ हे यंत्र त्यांच्या सोबत असते. ते ज्यांनी तयार केले, ते टोबी चर्चिल नावाचे इंग्रज अभियंते तरुणपणी आजारात स्वतःचीच वाचा गमावून बसले होते. आपली गरज ओळखून कोणी साधन घडवले की ते नेमके बसते, याचा हा चांगला नमुना म्हणता येईल.

त्यानंतर भारतीय भाषा बोलणारी साधनेही आली. चेन्नईच्या विद्यासागर संस्थेतील मुलांच्या गरजा समोर ठेवून अजित नारायणन या अभियंत्याने ‘आवाज’ हे साधन विकसित केले. ते आधी स्वतंत्र यंत्र होते, नंतर टॅब्लेटवर चालणारे ॲप झाले. आयआयटी मुंबईने ‘जेलो’ हे चित्राधारित ॲप विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे आणि ते मराठीतही चालते. म्हणजे साधनच मिळत नाही, ही सबब आता फारशी उरलेली नाही. साधन आणल्यावर त्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ते दोन-तीन महिन्यांत कपाटात जाते.

कपाटात जाण्याचे पहिले कारण घरातच असते. यंत्राची सवय लागली तर मूल बोलायचेच विसरेल, अशी धास्ती आजी-आजोबांना वाटते आणि अनेकदा आईवडिलांनाही. ही धास्ती समजण्यासारखी आहे. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून ‘आई’ ऐकण्यासाठी तळमळणाऱ्या घरात कोणी यंत्र आणून ठेवले, तर ते हार मानल्यासारखे वाटणारच. पण अभ्यास काय सांगतो तेही पाहावे. २००६ साली अमेरिकेतील संशोधकांनी तोपर्यंत झालेले अभ्यास तपासून सत्तावीस व्यक्तींची माहिती एकत्र केली. पूरक साधन वापरू लागल्यावर त्यांच्यापैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात थोडीफार वाढच झाली होती. संख्या लहान आहे आणि वाढही बहुतेकांची माफकच होती, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केले आहे. म्हणून यंत्र आणले की मूल बोलू लागेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण यंत्रामुळे वाचा जाईल, या भीतीलाही आधार नाही.

दुसरे कारण थोडे अवघड आहे आणि व्यापारी कुटुंबांत ते विशेषच जाणवते. पाहुणे यायचे असले, विशेषतः मोठ्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी असली, की हे यंत्र आतल्या खोलीत जाते आणि बहुधा मूलही. चार लोकांत यंत्राचा तो सपाट आवाज आला तर लोक काय म्हणतील, संबंध जुळताना अडचण येईल का, अशी काळजी त्यामागे असते. ती खोटी आहे असे म्हणून उडवून लावता येत नाही, कारण सोयरीक मोडल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ऐकू येतात. परंतु मुलाने त्यातून घेतलेला धडा वेगळाच असतो. आपले बोलणे ही लपवण्याची वस्तू आहे, एवढेच त्याला त्या दिवशी कळते. मग शाळेत बाईंनी कितीही प्रेमाने विचारले तरी ते यंत्राला बोट लावत नाही, आणि शिक्षिका शेरा लिहितात: ‘साधन वापरण्यात रस नाही.’

या संदर्भात एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. मौनाचे व्रत घेणारी माणसे या मासिकाच्या वाचकांच्या घरोघरी आहेत आणि त्या मौनाचा आदरही होतो. पण व्रतातले मौन ज्याच्याजवळ वाणी आहे त्याने स्वेच्छेने, ठरावीक काळासाठी धरलेले असते. ज्याला दुसरा पर्यायच दिलेला नाही त्याच्या गप्प राहण्याला शांत स्वभाव, समजूतदारपणा किंवा ‘देवाघरचे मूल’ असली गोड नावे देणे ही निव्वळ सोय आहे.

आता वर्गाकडे वळावे. बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १८० शब्द सहज बोलतो. संवाद-साधन वापरणाऱ्याचा वेग बहुधा पंधरा शब्दांच्या आतच असतो आणि नवशिक्या मुलाचा तर दोन-तीन शब्दांचाच. म्हणजे ‘शिवाजी महाराजांनी रायगडावर राज्याभिषेक करून घेतला’ एवढे पाच-सहा शब्दांचे उत्तर द्यायला त्याला दोन मिनिटे लागू शकतात. तास पस्तीस मिनिटांचा आणि मुले पन्नास. दुसरीकडे मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. ती थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली तरी बोलू शकणाऱ्या मुलांचीही उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात. एक सेकंद आणि दोन मिनिटे, या दोहोंमधल्या दरीत ते मूल वर्षानुवर्षे बसून असते.

शिक्षकांना दोष देऊन येथे काही साधत नाही, कारण अभ्यासक्रम पुरा करण्याचा तगादा त्यांच्याच मागे असतो. पण अनुभवी शिक्षकांनी काढलेल्या काही युक्त्या आहेत आणि त्यांना खर्च लागत नाही. उद्या वर्गात विचारायचा एक प्रश्न आदल्या दिवशीच त्या मुलाच्या वहीत लिहून द्यावा. मूल घरी बसून उत्तर यंत्रात साठवून आणते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एका बोटाच्या स्पर्शाने ते बोलून दाखवते. अचानक प्रश्न विचारायचा असेल तर तो त्याला विचारून पुढे जावे, आणखी दोघा-तिघांची उत्तरे घ्यावीत आणि मग परत यावे. तोवर त्याचे वाक्य जुळलेले असते. परत यायला मात्र विसरू नये. एकदा-दोनदा बाई परतल्या नाहीत की मूल जुळवाजुळव करणेच सोडून देते. ‘हो की नाही?’ एवढ्यावर भागणारे प्रश्न दयाबुद्धीने विचारले जातात, पण त्या उत्तरांतून मुलाला काय समजले आहे ते कळत नाही. आणि मूल शब्द जुळवत असताना त्याच्या खांद्यावरून पडद्यात डोकावून, “अच्छा, तुला असं म्हणायचंय का?” असे ओठातले वाक्य काढून घेऊ नये. गल्ल्यावर गिऱ्हाईक पैसे मोजत असताना कोणी त्याच्या पाकिटात डोकावत नाही. तसाच हा शिष्टाचार आहे. कळकळीने मदत करणाऱ्या वर्गमैत्रिणींना तो मुद्दाम शिकवावा लागतो.

त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, मुलाने हे साधन कोणाला वापरताना पाहिलेलेच नसते. तान्हे बाळ सुमारे वर्षभर घरातल्यांचे बोलणे ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. त्या वर्षभरात कोणी त्याची परीक्षा घेत नाही. संवाद-साधन मिळालेल्या मुलाकडून मात्र आठवड्याभरात वाक्याची अपेक्षा केली जाते. परकी भाषा शिकणाऱ्याला शब्दकोश हातात देऊन बाजारात सोडावे, तसेच हे आहे. जाणकार वाचोपचारतज्ज्ञ म्हणूनच सांगतात की, मोठ्यांनी स्वतः बोलताना त्या साधनावर बोट ठेवत बोलावे. बाई “आता पुस्तक उघडा” म्हणतात तेव्हा ‘पुस्तक’ आणि ‘उघडा’ या चित्रांना स्पर्श करतात, आई “दूध संपलं, अजून हवं का?” विचारताना ‘संपलं’ आणि ‘अजून’ दाखवते. वर्गासाठी हीच चित्रे मोठ्या कागदावर छापून फळ्याशेजारी टांगली, तर बाकीची मुलेही त्यावर बोट ठेवून बोलू लागतात. मुलांना त्याचा खेळ वाटतो, आणि नेमक्या त्या क्षणी यंत्र ‘त्याचे’ न राहता वर्गाचे होते.

यंत्रात शब्द कोणते असावेत, हा विषय सर्वांत दुर्लक्षित आहे. बहुतेक घरांत सुरुवात ‘पाणी’, ‘भूक’, ‘शू’ येथून होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. पण माणूस दिवसभर केवळ मागण्या करीत नाही. जॅनिस लाइट या अभ्यासिकेने १९८८ मध्येच संवादाचे चार हेतू मांडले होते: गरज सांगणे, माहिती देणे-घेणे, जवळीक साधणे आणि रीतभात पाळणे. पहिला हेतू तसा सोपा आहे; आई तो चेहऱ्यावरूनही ओळखते. खरी उणीव उरलेल्या तिघांत भासते. ‘काल काय झालं माहितेय?’, ‘तू चिडवलंस’, ‘मला नको’, ‘गंमत केली’, ‘कंटाळा आला’ हे शब्द नसतील तर मैत्री होणार कशी? ‘मी’, ‘तू’, ‘हे’, ‘नको’, ‘अजून’, ‘कुठे’, ‘का’ अशा काहीशे मूळ शब्दांनी दैनंदिन बोलण्याचा फार मोठा भाग व्यापलेला असतो. ते आधी हवेत. प्राणी, फळे आणि वाहने यांच्या सुंदर चित्रांच्या याद्या नंतर आल्या तरी चालतील.

परदेशी धर्तीवर बनलेल्या शब्दसंग्रहात ‘अंडे’ आणि ‘चिकन’ पहिल्याच पानावर असतात, आणि ‘जय जिनेंद्र’ कोठेच नसते. ‘खाखरा’, ‘बा’, ‘काकासा’, ‘पेढी’, ‘पाठशाळा’ हे शब्द कुटुंबानेच बसून भरावे लागतात. ज्या घरी आजी मारवाडी किंवा गुजराती बोलते, शाळा इंग्रजी आणि बाजार मराठी, त्या घरातल्या बोलत्या मुलाला कोणी एकच भाषा निवडायला लावत नाही. मग न बोलत्या मुलाला का लावावी? यंत्रात तीन भाषांची पाने असू शकतात. आजीशी बोलायचे पान आजीच्याच बोलीत, घरातल्या कोणी आपल्या आवाजात मुद्रित केलेले असले तर आजीला यंत्राची भीती वाटत नाही. पाठशाळेतही पाहुण्यासारखे एका कडेला बसवण्यापेक्षा, बटण दाबून नवकार मंत्राची सुरुवात करून देण्याचे काम त्याच मुलाकडे सोपवता येते. बाकीची मुले त्याच्यामागून म्हणतात.

मराठीची एक खास अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. ही साधने मुळात इंग्रजीच्या घडणीवर बेतलेली असतात. चित्रांमागून चित्रे दाबली की इंग्रजीत तोडकेमोडके का होईना, वाक्य उभे राहते. मराठीत ‘मी’, ‘शाळा’, ‘जा’ अशी तीन चित्रे दाबली की यंत्र म्हणते, ‘मी शाळा जा’, आणि वर्ग हसतो. ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेतून’ अशी रूपे बदलतात, ‘जातो’ आणि ‘जाते’ वेगळे असते. मुलीच्या यंत्रात ‘जातो’ साठवलेले असले तर रोज तिला मुलगा होऊन बोलावे लागते. आणि सर्वांत नाजूक म्हणजे आदरार्थ. यंत्रात नुसते ‘दे’ असेल तर मूल बाईंनाही ‘दे’ म्हणते आणि उद्धट ठरते. उद्धटपणा यंत्र भरणाऱ्याचा, बोलणी मात्र मुलाला! तोवर उपाय एकच आहे, रोज लागणारी छोटी वाक्ये सबंध साठवून ठेवणे. ‘बाई, पुन्हा सांगा ना.’ ‘मला कळलं नाही.’ ‘माझं अजून व्हायचंय.’ आणि अगदी वरच्या कोपऱ्यात, सहज बोट पोहोचेल अशा जागी, ‘थांबा, मी बोलतोय’ किंवा ‘थांबा, मी बोलतेय’. हे शेवटचे वाक्य ज्या मुलाजवळ आहे त्याला वर्गात जागा मिळते.

तरीही साठवलेली वाक्ये दुसऱ्याने निवडलेली असतात, ही मर्यादा राहतेच. आईने ज्याचा विचार केला नाही ते मुलाला चित्रांनी म्हणता येत नाही. ही मर्यादा केवळ अक्षरओळखीने ओलांडता येते. स्वर, व्यंजने आणि काना-मात्रा येऊ लागल्या की मूल कोणाच्याही परवानगीवाचून वाटेल तो शब्द लिहू शकते, अगदी शिवीसुद्धा. म्हणून ‘याला बोलताच येत नाही, वाचन कशाला शिकवायचे?’ हा शाळांत वरचेवर ऐकू येणारा प्रश्न उलटा आहे. बोलता येत नाही म्हणूनच वाचन-लेखन आधी आणि जास्त शिकवायला हवे. गणितातही तसेच. तोंडी पाढे म्हणता येत नाहीत म्हणून गणित येत नाही, असे समजून कित्येक मुलांना रंगकामाला बसवले जाते. व्यापाऱ्याच्या घरातले मूल दुकानात बसून हिशेब ऐकत वाढलेले असते. त्याला चार पर्याय दाखवून उत्तरावर बोट ठेवायला सांगितले तर कधीकधी सारेच चकित होतात.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. मुलाचा हात, मनगट किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरे टंकून घेण्याची एक पद्धत काही ठिकाणी चालते आणि तिच्यातून कविता, तत्त्वचिंतन असे थक्क करणारे मजकूर बाहेर पडल्याचे सांगितले जाते. तपासणीत ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे वारंवार आढळले आहे. धरणाऱ्यालाही ते कळत नाही, म्हणून येथे लबाडीचा आरोप करण्याचे कारण नाही. अमेरिकेतील वाचोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट जाहीर केले. आशेने थकलेल्या पालकांना असे काही कोणी विकायला आले तर एकच कसोटी लावावी: धरणाऱ्याने न पाहिलेली वस्तू मुलाला दाखवावी आणि तिचे नाव टंकायला सांगावे.

आणि याच कारणासाठी मुलाचा स्वतःचा, कोणाचा हात न लागलेला शब्द मोलाचा आहे. न बोलणाऱ्या मुलाला मारहाण किंवा त्याहून वाईट काही झाले, तर ते सांगणार नाही हे करणाऱ्याला ठाऊक असते. शरीराच्या सर्व अवयवांची नावे, ‘मारलं’, ‘हात लावला’, ‘भीती वाटते’, ‘आईला सांगेन’ हे शब्द यंत्रात असलेच पाहिजेत. अनेक घरांत संकोचाने ते गाळले जातात. शाळेच्या रिक्षात, शिकवणीत, लग्नाच्या गर्दीत मूल एकटे असते. त्या वेळी संकोच कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश करतो. त्याच्या सतराव्या कलमात अशा पद्धतींना चालना देणे हे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे, आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत शैक्षणिक साहित्य व सहायक साधने विनामूल्य देण्याचीही तरतूद आहे. लेखी परीक्षांबाबत केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पात्र उमेदवारांना लेखनिक आणि दर तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देऊ केला होता. या सवलती आयत्या वेळी मागून मिळत नाहीत; दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि अर्ज वर्षाच्या आरंभीच करावे लागतात. तोंडी परीक्षेत यंत्र वापरू देण्याचे लेखी पत्र मुख्याध्यापकांकडून आधीच घेतलेले बरे, कारण परीक्षक नवखा असला की टॅब्लेटला कॉपीचे साधन समजून बाहेर ठेवायला सांगतो.

शिक्षा म्हणून यंत्र काढून घेणे हा प्रकारही शाळांत घडतो. मूल पुन्हा पुन्हा तेच बटण दाबते, गोंगाट होतो, बाई यंत्र टेबलावर नेऊन ठेवतात. बडबड करणाऱ्या मुलाच्या तोंडावर कोणी चिकटपट्टी लावत नाही. त्याला गप्प बस म्हणून सांगतात. यालाही तसेच सांगावे.

दात्यांविषयी थोडेसे. शाळेला खोली बांधून देणारी, संगणक देणारी व्यापारी घराणी महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि टॅब्लेट घेऊन द्यायलाही कोणी नाही म्हणत नाही. पण शिक्षकांच्या आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला किंवा महिन्यातून दोनदा शाळेत येणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाच्या मानधनाला दाता सापडत नाही. प्रशिक्षणावर नामफलक बसवता येत नाही, हे त्याचे कारण असावे. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, शिकवण्याची वर्षानुवर्षे.

जून महिन्यात वर्ग बदलतो, बाई बदलतात आणि मागच्या वर्षी जमवलेले पुष्कळसे वाहून जाते. म्हणून शाळा उघडण्यापूर्वी कुटुंबाने नव्या वर्गशिक्षिकेसाठी एक पानभर टिपण करून द्यावे. मूल ‘हो’ कसे म्हणते आणि ‘नाही’ कसे, उत्तराला साधारण किती वेळ लागतो, यंत्र कोणत्या उंचीवर व कोणत्या बाजूला ठेवायचे, दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही म्हणून खिडकीपासून कोणत्या रांगेत बसवायचे, थकल्याची खूण कोणती, कोणत्या विनोदाला ते हमखास हसते. सोबत यंत्रातल्या मुख्य पानाची कागदी प्रत, प्लास्टिकचे आवरण घातलेली, दप्तरात कायम असावी. वीज जाते, यंत्र दुरुस्तीला जाते, पावसात भिजते; त्या दिवशीही मुलाला बोलायचे असतेच. चार्जर मात्र दोन घ्यावेत, आणि त्यांतला एक दुकानात ठेवावा, कारण शाळा सुटल्यावर मूल आधी तेथेच जाते.